जीवशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी : सुरुवात प्रयोगशाळेतून व्हावी



दिवाळीच्या सुट्टीनंतर अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, ऑलिम्पियाडला बसू का? नीटमध्ये त्याचे मार्क धरतात का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'जरूर बस' असं आहे आणि दुसऱ्याचं 'नाही'. दुसरं उत्तर ऐकलं की बरीच मुलं मागे फिरतात. जी बसतात, त्यांची तयारी म्हणजे नीटचीच टेस्ट सिरीज, फक्त चार प्रश्न जास्त अवघड.

माझं मत स्पष्टच सांगतो. जीवशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी आपण उलट्या टोकाकडून करतोय. ज्या परीक्षेत शेवटी निम्मे गुण हाताने केलेल्या कामाला आहेत, तिची तयारी आपण बाकावर बसून, चार पर्यायांना गोल करून करून घेतो. यात पदक हुकतं हा भाग छोटा आहे. खरं नुकसान त्या शेकडो मुलांचं होतं, ज्यांना या निमित्ताने जीवशास्त्र खरोखर करता आलं असतं आणि ते राहून गेलं.

आधी, ही परीक्षा नेमकी कोणती?

'ऑलिम्पियाड' हा शब्द आता फार स्वस्त झालाय. पहिलीच्या मुलाच्या दप्तरातही ऑलिम्पियाडचं वर्कबुक असतं. शाळेतच पेपर होतो, शाळेतच पदक मिळतं, आणि भिंतीवर प्रमाणपत्र लागतं. या खाजगी परीक्षा आहेत. त्यांना कुणी बसू नये असं मी म्हणत नाही, पण त्यांचा आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाडशी काही संबंध नाही. पालकांनी एवढं नक्की लक्षात ठेवावं.

खरी स्पर्धा १९९० साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ओलोमोउत्स शहरात सुरू झाली. भारत तीत २००० सालापासून भाग घेतो. आपल्याकडे या सगळ्याची सूत्रं मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहेत. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. २००८ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तर मुंबईतच झाली होती.

वाट अशी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला टप्पा, एनएसईबी. ही परीक्षा इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही शिक्षकांची संघटना घेते. नाव भौतिकशास्त्राचं असलं तरी जीवशास्त्राचा पेपरही तीच घेते. त्यातून निवडलेली मुलं जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे आयएनबीओला बसतात. त्यातली साधारण ३५ मुलं उन्हाळ्यात मानखुर्दच्या शिबिराला जातात. आणि तिथून देशाच्या संघात जातात फक्त चार. जुलैमध्ये हे चौघे स्पर्धेला रवाना होतात.

२०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे झालेल्या स्पर्धेत भारताच्या चारही मुलांना सुवर्णपदक मिळालं. सत्तरहून अधिक देशांत आपण सिंगापूरच्या बरोबरीने पहिले आलो. त्या चौघांतला एक मुलगा जालन्याचा होता. मराठवाड्यातल्या गावांतून "हे आपल्या मुलांचं काम नव्हे" असं अजूनही ऐकू येतं, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

निम्मे गुण हाताचे

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही भागांना सारखंच वजन असतं. प्रात्यक्षिकाचे सहसा चार पेपर असतात. वनस्पतीच्या खोडाचा पातळ छेद घेऊन ऊतींची मांडणी ओळखा, विकराचा वेग मोजून आलेख काढा, एखाद्या लहान अपृष्ठवंशी प्राण्याची रचना उलगडा, डीएनएच्या तुकड्यांवरून निष्कर्ष काढा, अशा प्रकारची कामं ठरावीक वेळात करायची असतात. ब्लेड हातात धरल्यावर थरथरणारा हात तिथे झाकता येत नाही. मायक्रोपिपेट आयुष्यात पहिल्यांदा परदेशातच हातात घेतलं, तर पाठ केलेली हजार पानं उपयोगाची नाहीत. म्हणून तर मानखुर्दच्या शिबिरात मुलांना दिवसचे दिवस प्रयोगशाळेत उभं करतात.

लेखी पेपरही आपल्या ओळखीचा नसतो. बऱ्याच वर्षांपासून तिथे एक पद्धत रूढ आहे. एखादा आलेख किंवा प्रयोगाची माहिती दिलेली असते, खाली चार विधानं असतात, आणि प्रत्येक विधान बरोबर की चूक हे ठरवायचं असतं. चारही बरोबर ठरवली तर १ गुण, तीन बरोबर ठरवली तर ०.६, दोन तर फक्त ०.२. म्हणजे 'हा पर्याय नाही, तो नाही, मग उरलेला हाच' ही युक्ती इथे चालतच नाही. प्रत्येक विधानाशी वेगळं झुंजावं लागतं.

याउलट नीटकडे बघा. १८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यातले ९० जीवशास्त्राचे. मिनिटाला एक प्रश्न सोडवायचा तर थांबून विचार करायला वेळच नसतो, नेमकी ओळ आठवावी लागते. लाखो मुलांतून निवड करायची असल्यावर अशी परीक्षा असणारच. तिच्या अभ्यासाने पाया पक्का होतो, आणि पहिल्या टप्प्याला त्याचा उपयोगही होतो. पण त्याच सवयीने पुढे गेलेलं मूल दुसऱ्या टप्प्यावर अडखळतं. त्याला आठवायला शिकवलेलं असतं, आणि इथे तर शोधायला सांगितलेलं असतं.

एकच विषय, दोन प्रश्न

उदाहरण घेऊ. सिकलसेल, म्हणजेच दात्रपेशी पांडुरोग. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा विषय आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत तर तो पुस्तकाबाहेर, घराघरांत आहे.

नेहमीचा प्रश्न असा येतो: 'सिकलसेल हा कोणत्या प्रकारचा आनुवंशिक आजार आहे?' उत्तर पाठ असतं, गुण मिळतो, विषय संपतो.

आता दुसरा प्रश्न बघा. समजा, एका मोठ्या लोकसमूहात दर १०० बालकांमागे एकाला हा आजार आहे. तर वाहक किती असतील? वाहक म्हणजे ज्यांना आजार नाही, पण दोनांपैकी एक जनुक सदोष आहे अशी माणसं. मुलं अंदाजाने 'दोन' म्हणतात, 'चार' म्हणतात. गणित मांडू. आजार व्हायला दोन्ही जनुकं सदोष लागतात, म्हणून सदोष जनुकाच्या प्रमाणाचा वर्ग १/१००. म्हणजे ते प्रमाण १/१०. उरलेलं निरोगी जनुक ९/१०. मग वाहक २ × ९/१० × १/१०, म्हणजे १०० मध्ये १८!

हा आकडा फळ्यावर आला की वर्ग क्षणभर गप्प होतो. एक रुग्ण दिसतो तिथे अठरा जण नकळत वाहक असू शकतात. मग पुढचे प्रश्न मुलंच विचारू लागतात. एवढं सदोष जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं कसं? हे गणित कोणत्या परिस्थितीत चुकेल? लग्नं नात्यात होत असतील तर? इथे मलेरियाचा विषय निघतो, कारण वाहकांना मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे पूर्वापार मलेरिया जास्त, तिथे हे जनुक टिकून राहिलं. लग्नाआधी रक्ततपासणी का करावी, हेही मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऑलिम्पियाडचे प्रश्न या दुसऱ्या जातीचे असतात. एखादं मूल संघात जावो न जावो, असा एक तास त्याच्या वाट्याला आला तर ते आनुवंशिकता विसरणार नाही.

आपल्याकडे प्रात्यक्षिकाचं काय होतं?

बारावी बोर्डात जीवशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाला आहेत. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय चालतं ते आपण सगळेच जाणतो. वर्षभर क्लास आणि कॉलेज यांचं 'इंटिग्रेटेड' चालू असतं, लॅबला कुलूप. जानेवारी उजाडला की मागच्या वर्षीच्या मुलीचं नीटनेटकं जर्नल फिरायला लागतं. आकृत्या त्यावरून, निरीक्षणं त्यावरून, अनुमानही त्यावरूनच. जर्नल सर्टिफाय होतं, एक्स्टर्नल येतात, चार स्पॉट ओळखून घेतात, आणि सगळ्यांना भरघोस गुण पडतात. कुणाचीच तक्रार नसते. मग बदल कशाला होईल?

यात शिक्षकांवर सगळं ढकलणं मला मान्य नाही. एका बॅचला किती मुलं, सूक्ष्मदर्शक किती चालू, प्रयोगशाळा सहायकाची जागा भरलेली आहे की रिकामी, हे बघितलं की शिक्षकाची ओढाताण कळते. त्यात पोर्शन संपवायची घाई. पण याच परिस्थितीत काही जण महिन्याला दोन प्रयोग मनापासून करून घेतातच, आणि त्यांच्या वर्गातली मुलं वेगळी ओळखू येतात. त्यांच्या आकृतीत पेशी वेड्यावाकड्या असतात, कारण त्यांनी त्या बघून काढलेल्या असतात. पुस्तकासारखी गुळगुळीत आकृती आली की मी तरी आधी विचारतो, "स्लाइड दाखव."

चुकीचं निरीक्षण ही आपल्याकडे लाजेची गोष्ट समजली जाते. रंग बदलला नाही तरी मूल 'निळा-काळा रंग आला' असंच लिहितं, कारण उत्तर तेच अपेक्षित आहे. विज्ञानाच्या नावाखाली आपण खोटं लिहायला शिकवतो, हे कठोर वाटेल, पण खरं आहे. ऑलिम्पियाडच्या तयारीचा पहिला धडा नेमका याच्या उलट आहे: जे दिसलं तेच लिही, आणि वेगळं का दिसलं याचा विचार कर.

लॅब नाही, मग काय करायचं?

हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी तीन कामं सुचवतो. फार खर्च नाही, आणि आठवीपासून पुढे कोणत्याही वर्गात जमतील.

पहिलं, पर्णरंध्रं मोजणं. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा. वाळला की वर चिकटपट्टी लावून अलगद उचला आणि स्लाइडवर चिकटवा. पानाचा ठसा मिळतो. असाच वरच्या बाजूचा घ्या. जास्वंद आणि ज्वारी दोन्हींचे ठसे घेऊन मोजा. जास्वंदीत बहुतेक रंध्रं खालच्या बाजूला सापडतील, ज्वारीत दोन्ही बाजूंना. मग विचारा, पाण्यावर पसरलेल्या कमळाच्या पानात ती कुठे असतील? उत्तर लगेच सांगू नका. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक चालू असला तरी पाच-पाच जणांच्या गटांनी आळीपाळीने हे होतं.

दुसरं, लाळेतल्या विकराचा वेग. भाताची पातळ पेज, प्रत्येकाची स्वतःची लाळ आणि मेडिकलमधून आणलेलं टिंक्चर आयोडीन पुरतं. एक नमुना बर्फात, एक खोलीच्या तापमानाला, एक कोमट पाण्यात, आणि एकात लाळ आधी उकळून घेतलेली. दर मिनिटाला एक थेंब काढून आयोडीनमध्ये टाकायचा. निळा-काळा रंग येणं कधी थांबतं, ती वेळ लिहायची, आणि घरी आलेख काढायचा. 'विकरं उष्णतेने नष्ट होतात' हे वाक्य त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

तिसरं, मटकीला मोड. २०० मिलिलिटर द्रावणात ४ ग्रॅम मीठ, म्हणजे २ टक्क्यांचं पाणी. त्यातलं अर्धं घेऊन तेवढंच साधं पाणी मिसळलं की १ टक्का. त्यातलं अर्धं घेऊन पुन्हा तसंच केलं की अर्धा टक्का. एक वाटी साध्या पाण्याची. प्रत्येक वाटीत २० दाणे. दोन दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते मोजा. मग प्रश्न विचारा. साध्या पाण्याची वाटी कशासाठी? दोनच दाणे का चालले नसते? दुसऱ्या गटाचे आकडे वेगळे आले तर कुणाचे खरे? प्रयोगाची आखणी, तुलनेसाठी ठेवलेला नमुना, क्रमाने पातळ केलेली द्रावणं, पुन्हा पुन्हा मोजणं, ही सगळी ऑलिम्पियाडची कौशल्यं या मटकीच्या वाट्यांत आहेत. आणि प्रयोग फसला तर उसळ तरी होतेच!

इंग्रजीची धास्ती

मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलांना अकरावीत धक्का बसतो. जे 'पर्णरंध्र' तिला छान कळलेलं असतं, तेच 'स्टोमाटा' म्हणून समोर आलं की परकं वाटतं. मूल गप्प होतं, आणि आपण समजतो की त्याला येत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रश्नपत्रिका ठरली की प्रत्येक देशाचे शिक्षक बसून ती आपल्या भाषेत उतरवून घेतात, आणि अनेक देशांची मुलं आपल्या मातृभाषेतच पेपर सोडवतात. जगातल्या सर्वांत अवघड जीवशास्त्राच्या पेपरला मातृभाषेची अडचण होत नाही. म्हणून दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकणं ही कमतरता समजू नका. पाया ज्या भाषेत पक्का होतो त्याच भाषेत होऊ द्या. फक्त नववीपासून एक वही ठेवा. डाव्या बाजूला मराठी संज्ञा, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि खाली एक छोटी आकृती. रोज पाच शब्द झाले तरी अकरावीपर्यंत भीती निघून जाते.

पालकांशी थोडं

आईबाबांचा खरा प्रश्न असतो वेळेचा. बारावीत बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, नीट मे महिन्यात. त्यात ऑलिम्पियाड कुठे बसवायचं? म्हणून माझा सल्ला असा की पहिला प्रयत्न अकरावीत करावा, दडपण नसताना. आणि तयारी नववी-दहावीत, प्रयोग आणि अवांतर वाचनातून सुरू व्हावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 'कॅम्पबेल' नावाचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ बायबलसारखा मानतात, पण तो पहिल्याच दिवशी आणून मुलाच्या टेबलावर आदळायची गरज नाही. आधीच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागडा क्लास लावण्याआधी त्यातले दोन प्रश्न रविवारी मुलासोबत बसून वाचा. तुम्हाला उत्तर यायलाच पाहिजे असं नाही. "हे तुला कसं कळलं?" एवढं विचारता आलं तरी खूप आहे.

लहान वर्गांसाठी आपल्याकडे चांगली पायरी आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. तीतही लेखीनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. तिचेही आता क्लास निघालेत, तयार प्रकल्प विकत मिळतात म्हणे! तो मोह टाळा. मुलाने स्वतः केलेला साधा, अर्धवट जमलेला प्रकल्प विकतच्या चकचकीत प्रकल्पापेक्षा कितीतरी मोलाचा.

आणि एक आकडा डोळ्यांसमोर असू द्या. एवढ्या मोठ्या देशातून निवड होते चौघांची. 'संघात जाणं म्हणजेच यश' असं घरात ठरलं, तर जवळजवळ प्रत्येक मूल अपयशी ठरेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतसुद्धा भाग घेणाऱ्यांपैकी साधारण १० टक्क्यांना सुवर्ण, पुढच्या २० टक्क्यांना रौप्य आणि त्यापुढच्या ३० टक्क्यांना कांस्य देतात. म्हणजे दहातल्या सहा जणांच्या गळ्यात काही ना काही पदक असतं. ज्यांनी ही स्पर्धा आखली त्यांनाच एक विजेता आणि बाकी सगळे पराभूत, असं चित्र नको होतं. मग आपण घरात तसं का करावं?

एवढं करूया

मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी लॅबचं वेळापत्रक जूनमध्येच लावावं आणि ते पाळलं जातंय का ते बघावं. विषय शिक्षकांनी महिन्याला निदान एक प्रयोग असा घ्यावा, ज्याचं उत्तर जर्नलमध्ये आधी लिहिलेलं नाही. गुण देताना सुंदर आकृतीइतकेच गुण खऱ्या निरीक्षणाला द्यावेत, मग ते अपेक्षेपेक्षा वेगळं का असेना. अकरावीच्या ज्या मुलांना इच्छा आहे, त्यांचे एनएसईबीचे अर्ज वेळेत भरून घ्यावेत, आणि "नीटमध्ये मार्क धरत नाहीत" हे वाक्य त्यांच्या वाटेत आड येऊ देऊ नये.

उद्या यातली काही मुलं डॉक्टर होतील, काही शेतीत जातील, काही बँकेत. रक्ताचा रिपोर्ट हातात आला, पिकावर अनोळखी कीड पडली किंवा मोबाईलवर एखाद्या औषधाचा दावा फिरत आला, तर आधी नीट बघायचं, मोजायचं, तुलना करायची आणि मगच मत बनवायचं, ही सवय त्यांना शाळेतच लागली पाहिजे. या आठवड्यात वाटीभर मटकी भिजवून सुरुवात करूया.